एकटा हल्लेखोर, आणि आधीच ठाऊक असलेले

‘अण्णा, पोरगं रात्रभर तेच ते व्हिडिओ बघतंय. जुन्या मित्रांशी बोलत नाही, त्यांना धडा शिकवायचाय म्हणतं. पोलिसात न जाता कुणाला सांगू?’ सुपातली तेंदूची पानं कापता कापता आमच्या गल्लीतल्या विडी कामगार बाईंनी विचारलं. बहुतेक पोरांचा राग बोलण्यातच विरतो. तरी त्यांचा प्रश्न साधा नव्हता.

संघटनेचा हुकूम नसताना एकट्याने हल्ला करण्याचा प्रकार इंटरनेटच्या कितीतरी आधीचा. १९व्या शतकाच्या अखेरीस युरोपातले काही अराजकवादी, म्हणजे सरकारच नको म्हणणारे, याला ‘कृतीतून प्रचार’ म्हणत. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो आणि १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ले यांचा जीव अशाच एकेकट्या मारेकऱ्यांनी घेतला. पुढे अमेरिकेतल्या वर्णद्वेषी गटांनी पोलिसांच्या खबऱ्यांना चुकवण्यासाठी ‘नेता नको, ज्याने त्याने आपापलं करावं’ ही शिकवण मुद्दाम रुजवली. ‘लोन वुल्फ’ हा शब्द १९९०च्या दशकात त्यांच्यातल्याच काहींनी मिरवला. म्हणून बातमीत ‘एकांडा लांडगा’ वाचलं की मला खटकतं. मारेकऱ्याला नको तो मान मिळतो.

२२ जुलै २०११ला नॉर्वेत एकाने ७७ जणांना मारलं. १५ मार्च २०१९ला न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एकाने ५१ जणांचा जीव घेतला आणि तो हल्ला फेसबुकवर थेट दाखवला गेला. या दुसऱ्याने पहिल्याचं लिखाण वाचलं होतं. हाताने एकटा, डोक्याने नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी ११९ प्रकरणं तपासली होती. सुमारे ८२ टक्के प्रकरणांत त्या माणसाचा राग इतर कुणाला तरी माहीत होता. जवळपास ६४ टक्क्यांत तर त्याने बेतच घरच्यांना किंवा मित्रांना बोलून दाखवला होता.

अमेरिकेत १९७८ पासून १७ वर्षं टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या टेड कझिन्स्कीचा पत्ता तपास यंत्रणेला लागत नव्हता. १९९५ मध्ये त्याचा लांबलचक लेख वर्तमानपत्रात छापला गेला. आधी भावजयीला शंका आली, मग धाकट्या भावाने, डेव्हिडने, त्यातली भाषा ओळखली. सख्ख्या भावाला फाशी होईल या भीतीने तो झुरला, तरी त्याने कळवलं. तोवर तिघांचे जीव गेले होते.

कळवणं म्हणजे आपलं माणूस गमावणं, ही भीती आपल्याकडेही आहे. त्यात बहिणीच्या लग्नाची काळजी. डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात पोलीस आणि नगरपालिका मिळून अशा तरुणाला गुन्हा घडण्याआधी गाठतात. त्याला विश्वासाचा माणूस जोडून देतात, शिक्षणाची, कामाची सोय बघतात. आयसिसच्या काळात महाराष्ट्र एटीएसनेही (पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानेही) घरचे आणि धर्मगुरू यांना सोबत घेऊन तरुणांना समजावण्याचा मार्ग धरला. तो मला पटतो. पण एटीएसचं नाव काढलं असतं, तर त्या बाईंच्या हातातली कात्री तिथेच थांबली असती.

मी त्यांना पोराला शिकवलेल्या एका जुन्या सरांचा नंबर दिला. त्याहून नेमकं दार मला त्या दिवशी दाखवता आलं नाही.