जाड दांडा, केसाएवढी रेघ

हल्ली म्हापशात नाहीतर पणजीत नवीन कॅफे निघाला की बोर्डावर अक्षर ठरलेलं, उभा दांडा जाडजूड, आडवी रेघ केसाएवढी, टोकाला पातळ सपाट सेरिफ (अक्षराच्या टोकाची छोटी आडवी शेपटी). लोक म्हणतात एकदम व्होग लुक, त्या फॅशन मासिकासारखा. पण ही रेघ मुळात फॅशनवाल्यांनी नाही, कागदवाल्यांनी शक्य केली.

आपल्या गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात, भारतातला पहिलाच. तेव्हा युरोपातही असली रेघ कुणी छापत नव्हतं, कारण हातकागद खरखरीत, तो भिजवून लाकडी प्रेसखाली दाबायचा म्हणजे शाई पसरणारच, त्यामुळे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) सगळे अंगाने भरलेले.

गाडी हलली बर्मिंगहॅमला. तिथल्या जॉन बास्करव्हिल या छापणाऱ्याने 1757 ला रोमन कवी व्हर्जिल छापला तो जाळीच्या रेघा न उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर (काही पानं, सगळी नव्हेत), शाई काळीभोर, आणि छापलेलं पान वर गरम तांब्याच्या पत्र्यात दाबून चक्क इस्त्री केलेलं! लोक म्हणाले याने डोळे जाणार. 1760 च्या एका पत्रात बेंजामिन फ्रँकलिन सांगतो की असंच बोलणाऱ्या एका गृहस्थाला त्याने कॅस्लन या दुसऱ्या खिळेवाल्याच्या खिळ्यांचा नमुना, वरचं नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून दाखवला, तर तो बाबा त्यातही दोष काढत बसला आणि वाचताना डोळे दुखतात म्हणाला. फॉन्टवरची भांडणं तेव्हापासून तशीच आहेत.

मग पॅरिसचं छापखानेवालं दिदो घराणं आणि पार्मात ड्यूकचा छापखाना सांभाळणारा बोदोनी, दोघांनी रेघ आणखी बारीक केली. बोदोनी 1813 ला गेला, त्याच्या अक्षरांचा मोठा ग्रंथ बायकोने 1818 मध्ये पुरा करून छापला. दिदो आणि बोदोनी ही नावं जोडून या तऱ्हेच्या अक्षरांसाठी 'डिडोन' हा शब्द माक्सिमिलियँ व्हॉक्स या फ्रेंच अक्षरतज्ज्ञाने बनवला तो फार नंतर, 1954 च्या सुमाराला.

खरी मेख साइजची. खिळ्यांच्या काळात प्रत्येक साइज वेगळी कोरायचे, म्हणून छोट्या अक्षरात रेघ आपोआप जरा जाड राहायची. कॉम्प्युटरवर एकच ड्रॉइंग लहान-मोठं करायला लागलो आणि ते गेलं. म्हणून 1991 मध्ये फॉन्ट काढणाऱ्या जोनाथन हेफलरने हार्पर्स बझार या फॅशन मासिकासाठी दिदोंचं अक्षर नव्याने काढलं तेव्हा सात साइजचे सात वेगळे कट केले, 6 पॉइंटपासून 96 पर्यंत.

हे मला भावाच्या लग्नपत्रिकेनंतर कळलं. नावं मोठी होती, झकास दिसली. हॉलचा इंग्रजी पत्ता मात्र मी त्याच फॉन्टात 7 पॉइंटला टाकला, मरून शाईच्या पट्ट्यात पांढरा सोडून, आणि ई ची आडवी दांडी शाईत बुडून सगळे ई सी झाले. छापणाऱ्याचा काही दोष नाही, फाइल माझी. मावशीचा फोंड्याहून फोन, "अरे, हॉल नेमको खंय?"