हिरवं, तांबडं आणि झाकणावरचा आकडा

बेळगावात आमच्या टिळकवाडीच्या गल्लीत शेजारच्या काकांची एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया गाडी आहे, पहिल्या पिढीतली. या जानेवारीत रोज पहाटे ती सुरू झाली की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा. स्टेअरिंग वळवलं की आवाज वाढायचा, आणि गाडी काँग्रेस रोडवरून एक फेरी मारून आली की बंद व्हायचा. काकांना वाटलं बेअरिंग गेलं. मी पॉवर स्टेअरिंगच्या तेलाचं झाकण उघडलं, तर आत असायला हवं होतं हिरवं तेल आणि दिसत होतं चहासारखं तपकिरी. दसऱ्याच्या आधी सर्व्हिसिंग करताना पातळी कमी दिसली म्हणून त्यात तांबडं तेल ओतलं होतं. ज्या मेस्त्रीने ओतलं त्याचा हात चांगला आहे, इंजिन तो कानाने ओळखतो. विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, "तेल म्हणजे तेलच की ओ सर. हिरवं काय आन् तांबडं काय, काम एकच करतंय."

हे वाक्य मी निपाणीपासून खानापूरपर्यंत अनेक गॅरेजांत ऐकलं आहे. ते चूक आहे. ते का चूक आहे हे समजून घेताना मला जो आनंद झाला, तो वाटून घ्यावा म्हणून हा लेख.

आधी रंगाचं बघू. तेलाचा रंग हा त्याचा गुण नसतो, तो कारखान्यात मिसळलेला रंग असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, तांबडं करतात ते इंजिन ऑईलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. जर्मन गाड्यांतलं सीएचएफ प्रकारचं हायड्रॉलिक तेल हिरवं असतं, काकांच्या गाडीच्या स्टेअरिंगला तेच लागतं. सिट्रोएनच्या जुन्या गाड्यांतलं एलएचएम हेसुद्धा हिरवंच, पण ते खनिज तेल आहे आणि त्याची घडण वेगळी आहे. शिवाय रेडिएटरचं कूलंटही पुष्कळदा हिरवं असतं. म्हणून बाटली उजेडात धरून 'हेच ते' म्हणणं धोक्याचं आहे.

सिट्रोएनची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९५५ साली आलेल्या त्यांच्या डीएस गाडीत सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टेअरिंग एकाच हायड्रॉलिक यंत्रणेवर चालायचं. सुरुवातीला त्यात वनस्पतिजन्य द्रव होतं, मग एलएचएस नावाचं कृत्रिम द्रव आलं. ते हवेतली ओल शोषायचं आणि आतून गंज धरायचा. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनी खनिज तेलावर, म्हणजे एलएचएमवर आली. पण जुन्या द्रवाला चालणारं रबर नव्या तेलाला चालेना, म्हणून सील बदलावे लागले, आणि नव्या यंत्रणेचे भाग चक्क हिरवे रंगवले गेले, कोणी चुकून जुनं द्रव ओतू नये म्हणून.

आता हे तेल करतं काय? इंजिनच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. त्याच्या चाकाला खाचा असतात आणि खाचांत पातळ पाती, जी फिरताना बाहेर सरकून अंडाकृती भिंतीला घासत तेल पुढे ढकलतात. स्टेअरिंगच्या दांड्यात एक पिळली जाणारी बारीक सळई असते. तुम्ही चाक वळवलं की ती किंचित पिळते, तेवढ्याने झडप उघडते आणि दाबाचं तेल रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या, एका बाजूला जाऊन तिथल्या पिस्टनला ढकलतं. गाडी उभी असताना पूर्ण वळवलं तर दाब शंभर बारच्या घरात जातो, आपल्या टायरमधल्या हवेच्या चाळीस-पंचेचाळीस पट. पिस्टनचं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटीमीटर धरा, तर जोर होतो सुमारे ८०० किलो वजनाइतका. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२०च्या दशकात हे साधलं. तेल दाबून कोंडून ठेवण्याऐवजी ते सतत वाहतं ठेवायचं आणि गरज पडेल तेव्हाच वाट अडवून दाब निर्माण करायचा, ही त्याची युक्ती. विक्रीच्या मोटारीत हे यायला मात्र १९५१ साल उजाडलं, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये.

आणि आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, तेलाच्या दाटपणाकडे. शाळेत याला श्यानता म्हणून शिकवतात.

आपल्याकडे गुऱ्हाळावर काकवी सगळ्यांनी पाहिली आहे. काहिलीतून काढलेली गरम काकवी पाण्यासारखी धावते. तीच थंडीत बाटलीत घट्ट बसते, उलटी केली तरी हलत नाही. प्रत्येक तेलाचं असंच होतं, फक्त किती होतं यात फरक आहे. दाटपणा मोजायचं एकक सेंटिस्टोक. साधं पाणी साधारण १. नेहमीचं डेक्सरॉन-३ जातीचं तांबडं एटीएफ ४० अंश सेल्सिअसला ३५च्या आसपास असतं आणि १०० अंशाला सातच्या आसपास, म्हणजे पाचपट पातळ होतं. हिरवं सीएचएफ ११एस ४० अंशाला सुमारे १९ आणि १०० अंशाला सुमारे ६, म्हणजे जेमतेम तीनपट. गरम झाल्यावर दोन्ही जवळपास सारखी, थंड असताना एक दुसऱ्याच्या दुप्पट दाट. उणे ४० अंशाला तर हिरवं तेल हजार-अकराशेच्या आसपास असतं, अजून ओतता येईल असं. तांबड्याला त्याच तापमानाला वीस हजारांच्या आसपास जाण्याची मुभा त्याच्या मानकातच दिली होती.

तापमानाने दाटपणा किती बदलतो हे एका आकड्यात सांगायची पद्धत १९२९ साली डीन आणि डेव्हिस यांनी काढली (हा डेव्हिस वेगळा). त्या काळी माहीत असलेल्यांपैकी सर्वांत स्थिर अशा पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० गुण, सर्वांत चंचल अशा गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य. याला व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणतात. आज सीएचएफ ११एसचा इंडेक्स तीनशेच्या आसपास आहे. शंभराला कमाल मानून सुरू झालेली ही पट्टी रसायनशास्त्राने तिप्पट लांब केली.

हे जमलं कसं? मूळ तेलच कृत्रिम आणि पातळ घेतलं, आणि त्यात लांबच लांब साखळ्यांचे रेणू, म्हणजे पॉलिमर, मिसळले. शहापूर-वडगावच्या मागावरचं सूत डोळ्यांसमोर आणा. थंडीत या साखळ्या गुंडाळलेल्या सुताच्या गुंडीसारख्या आवळून बसतात. लहानशी गुंडी तेलाच्या वाहण्यात फारशी आड येत नाही. तेल तापलं की गुंडी सैल होते, पसरते, तिचा एकेक धागा आजूबाजूच्या तेलात अडकतो. तेल स्वतः पातळ होत असतं, त्याच वेळी साखळ्या त्याला दाट करत असतात, आणि दोन्ही मिळून बेरीज बरीचशी जागेवर राहते. पण पंपाची पाती आणि भिंत यांच्या फटीत या साखळ्या कात्रीत सापडल्यासारख्या तुटतात. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. म्हणून पॉलिमर वापरायचे तर कात्री सोसणारे निवडावे लागतात, आणि तरीही तेल वर्षानुवर्षं वापरल्यावर गरमपणी जास्त पातळ पडू लागतं. 'हे तेल आयुष्यभर चालतं' असं सांगणाऱ्यांना ही तुटलेली साखळी विचारात घ्यायला सांगा.

मग काकांच्या गाडीचं कण्हणं? पंप टाकीतून तेल ओढतो. तेल पंपाच्या अपेक्षेपेक्षा दाट असेल तर जाळीतून आणि नळीतून ते वेळेत येत नाही. ओढीच्या बाजूला दाब इतका घसरतो की तेलात विरघळलेली हवा आणि तेलाची वाफ यांचे बुडबुडे तयार होतात. तेच बुडबुडे दाबाच्या बाजूला गेले की फुटतात, आणि फुटताना धातूवर सूक्ष्म हातोडी मारल्यासारखा आघात करतात. आपण ऐकतो तो हा आवाज. तेल कमी असेल किंवा नळीतून हवा शिरत असेल तरी असाच आवाज येतो, म्हणून पातळी आधी बघावी. काकांकडे पातळी बरोबर होती.

उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत. तिथल्या कुठल्याही फिटरला विचारा, पंपाला पाजायचं तेल तो ग्रेड पाहूनच निवडतो. तीच शिस्त रस्त्यापलीकडच्या मोटार गॅरेजमध्ये का नसावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, बेळगावात उणे ४० कुठे आहे? बरोबर आहे. आपल्याकडे थंडीच्या पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो. एकदा तांबडं पडलं म्हणून काकांची गाडी जांबोटी ओलांडून चोर्ला घाटात बंद पडणार नव्हती. हिरवं तेल बनवणारेसुद्धा सांगतात की एटीएफशी ते मिसळतं, पण मिसळल्यावर त्याचे खास गुण कमी होतात. तरीही ज्या पंपाच्या आणि झडपेच्या फटी पातळ तेल धरून आखल्या आहेत, त्याला रोज सकाळी दुप्पट दाट तेल पाजणं म्हणजे झीज ओढवून घेणं. एका दिवसात काही बिघडत नाही म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे.

खरा घात होतो ब्रेक ऑईलने. तातडीत, दुकान बंद असताना, कोणीतरी तेच ओततो. ब्रेकचं द्रव ग्लायकॉलचं असतं आणि त्याच्यासाठी वेगळ्या जातीचं रबर वापरतात. स्टेअरिंगचे सील खनिज तेलासाठी घडवलेले असतात, त्यांना ग्लायकॉल सोसत नाही. उलट स्टेअरिंगचं तेल ब्रेकमध्ये गेलं तर तिथलं रबर फुगतं, आणि तो प्रकार जिवावर बेततो.

खंडेनवमीला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. माळ मीही घालतो, हत्यारांबद्दलची ती कृतज्ञता आहे. पण लिंबू चिरडल्याने पंपाची नजर उतरत नाही, आणि गळती लागल्यावर 'दृष्ट लागली' म्हणून चार दिवस थांबलं तर रॅक बदलायची पाळी येते. तितकाच घातक मला गळती थांबवणाऱ्या बाटल्यांचा प्रचार वाटतो. त्यातलं रसायन रबर फुगवून चीर बुजवतं. ते धडधाकट सीलही फुगवतं, आणि फुगलेलं रबर पुढे मऊ पडतं.

तर तेल निवडायचं कसं? टाकीचं झाकण पुसा आणि त्यावरचा तेलाचा आकडा वाचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या हायड्रॉलिक गाड्यांना जी ००२ ००० किंवा नंतरचं जी ००४ ०००. जुन्या मर्सिडीजना बहुतेकदा एमबी २३६.३. बीएमडब्ल्यूचा मात्र एक नियम नाही, काही गाड्यांच्या झाकणावर एटीएफ लिहिलेलं असतं तर काहींच्या सीएचएफ ११एस, म्हणजे युरोपियन गाडी म्हटली की हिरवंच, हाही गैरसमजच. झाकण पुसट झालं असेल तर मॅन्युअल, तेही नसेल तर चॅसी नंबरावरून पार्ट्सच्या यादीत शोधता येतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला 'सर्व युरोपियन गाड्यांसाठी' असं मोठ्या अक्षरात असलं तरी मागच्या बाजूला तुमचा आकडा आहे का ते बघा. आणि ऑक्टाव्हियानंतर आलेल्या लॉराला, तशाच बऱ्याच नव्या गाड्यांना, विजेच्या मोटरचं स्टेअरिंग आहे. तिथे तेलच नसतं, कोणी बदलून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

काकांच्या गाडीचं तेल आम्ही रविवारी अंगणातच बदललं. नुसतं टाकीतलं उपसून चालत नाही, निम्म्याहून जास्त तेल नळ्यांत आणि रॅकमध्ये राहतं. पुढची चाकं उचलून स्टँडवर घेतली, परतीची नळी काढून बाटलीत सोडली, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो आणि वरून नवं हिरवं ओतत गेलो. मेस्त्रीही मुद्दाम आला होता, स्टेअरिंग त्यानेच फिरवलं. बाटलीत आधी तपकिरी पडलं, मग गढूळ, आणि दुसरी लिटरची बाटली संपत आली तेव्हा स्वच्छ हिरवं. नळी जोडून गाडी सुरू केली, हवा निघेपर्यंत पुन्हा फिरवलं, फक्त टोकाला नेऊन धरून ठेवलं नाही, कारण तिथे दाब कमाल होतो आणि तेल भराभर तापतं. मेस्त्रीने निघताना झाकणावरचा आकडा आपल्या वहीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी गाडी सुरू केली तेव्हा मी खिडकीत उभा होतो, आणि गल्लीत फक्त डिझेल इंजिनचा आवाज होता.