दोन चुका, उत्तर बरोबर

पोकरच्या मेजावर "आज नशीब जोरावर आहे" म्हणणारे भेटतात, तसे मनातल्या मनात "नऊ चोक छत्तीस" म्हणणारेही. मला बोलायचंय ते या दुसऱ्यांबद्दल. त्यांची रीत चुकीची आहे आणि तरी उत्तर जवळपास बरोबर येतं!

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात तुमच्या हातात दोन बदाम आहेत, मेजावर उघडलेल्या तीन पत्त्यांत, म्हणजे फ्लॉपमध्ये, आणखी दोन. अजून टर्न आणि रिव्हर हे दोन पत्ते उघडायचे आहेत. एक बदाम आला की फ्लश, म्हणजे पाच बदामांचा भारी हात. १३ बदामांपैकी ४ दिसले, ९ उरले. हे तुमचे 'आउट्स'. न दिसलेले पत्ते ५२ वजा ५, म्हणजे ४७. (इतरांच्या हातातले का वजा करत नाही? ते कोणते हेच ठाऊक नाही. मग ते गड्डीत असोत की कुणाच्या मुठीत, आपल्या हिशेबाला फरक पडत नाही.)

युक्ती अशी: दोन पत्ते यायचे असतील तर आउट्स गुणिले ४, एकच यायचा असेल तर गुणिले २. आले ३६ टक्के. आता नीट काढू. दोन्ही वेळा बदाम न येण्याची शक्यता ३८/४७ × ३७/४६, म्हणजे ६५ टक्के. उरले ३५.

इतकं जवळ कसं? आपण दर आउटला २ टक्के धरले. खरे १/४७, म्हणजे २.१३. इथे कमी मोजलं. मग टर्न आणि रिव्हरच्या शक्यतांची सरळ बेरीज केली. पण दोन्ही पत्ते बदाम निघाले, तर तो योग बेरजेत दोनदा आला. इथे जास्त मोजलं. पहिली चूक आउट्सच्या पटीत वाढते, दुसरी साधारण त्यांच्या वर्गाच्या पटीत. म्हणून सहा-सात आउट्सपाशी दोन्ही जवळजवळ फिटतात: ६ आउट्सना युक्ती सांगते २४, खरे २४.१. पुढे मात्र वर्ग वरचढ होतो. १५ आउट्सना युक्तीने ६०, खरे ५४. यावर जाणकारांची डागडुजी म्हणजे आठाच्या वर जितके आउट्स, तितके वजा करायचे: ६० − ७ = ५३.

समजा, टर्नही कोरडा गेला. समोरच्याची पैज धरून पॉटमध्ये, म्हणजे मेजावर जमलेल्या ढिगात, ३०० चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) आहेत, टिकायला तुम्हाला १०० टाकायच्या आहेत. ४०० पैकी १००, म्हणजे निदान २५ टक्के शक्यता हवी. तुमच्याकडे ९ दुणे १८. पुढे आणखी चिप्स मिळण्याची आशा नसेल, तर पत्ते टाकून द्या. नेमकं इथेच कुणीतरी म्हणतं, "तीन डाव हुकलं, आता बदाम येणारच." दर डावाआधी पत्ते नव्याने पिसले जातात. तीनदा हुकलं म्हणून नवाचे दहा बदाम होत नाहीत.