अंधारात तंबू ठोकताना उजेड कुठे धरायचा

इंदूरहून दुपारचं जेवण आटोपून चोरल किंवा कालाकुंडकडे निघणारे बहुतेक जण तळावर पोहोचतात तेव्हा दिवस कललेला असतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळतो आणि त्यानंतर जेमतेम 25 मिनिटं कामापुरता उजेड टिकतो. एवढ्यात जागा निवडून, साफ करून तंबू उभा राहत नाही. मग हेडलॅम्प पूर्ण ताकदीवर लावून घाईघाईत खुंट्या ठोकल्या जातात. तिथेच बहुतेक चुका होतात.

डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. मंद प्रकाशात काम करतात त्या दंडाकार पेशी. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात पुन्हा भरून यायला 20 ते 30 मिनिटं घेतं. गाडीचे दिवे, मोबाइलचा पडदा, समोरच्याचा हेडलॅम्प थेट डोळ्यांत: यातलं काहीही झालं की ही कमाई बरीचशी वाया जाते. म्हणून गाडीतून उतरल्यावर सामान काढण्याआधी दिवे बंद करून दहा मिनिटं उभं राहावं. झाडांच्या कडा, टेकडीचा उतार, नाल्याची रेघ हळूहळू दिसू लागते. आणखी एक युक्ती: डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यबिंदूत दंडाकार पेशी नसतातच, त्यामुळे अंधुक वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहिलं की ती जास्त स्पष्ट दिसते.

लाल दिव्याचा उपयोग यासाठीच. दंडाकार पेशींना गडद लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. मात्र लाल उजेडात रंगांतला फरक कळत नाही आणि जखमेतलं रक्त नीट दिसत नाही. जमीन तपासायला लाल दिवा वापरू नये. पिवळसर, मंद पांढरा बरा; किडेही त्याच्याभोवती कमी जमतात.

आता शीर्षकातला प्रश्न. हेडलॅम्प डोळ्यांच्या अगदी वर असतो, म्हणून खळग्याची, दगडाची सावली नेमकी त्याच्या मागे लपते आणि समोरची जमीन सपाट भासते. टॉर्च हातात घेऊन घोट्याच्या उंचीवर आडवा धरा. प्रकाश जमिनीलगत सरकतो, प्रत्येक खड्याची लांब सावली पडते आणि मघाशी गालिचासारखी वाटणारी जागा खडबडीत निघते. चारही बाजूंनी असं एकदा पाहावं. मग पाठीवर झोपून उतार कुठे आहे ते जोखावं आणि डोकं वरच्या बाजूला येईल असा तंबू मांडावा. शेवटी टॉर्च वर फिरवून सागवानाच्या किंवा पळसाच्या वाळक्या, अडकलेल्या फांद्या शोधाव्यात. हे पाहायचं राहून जातं, कारण रात्री मान वर जातच नाही.

नदीकाठची मऊ वाळू सगळ्यांना भुरळ घालते, आणि तीच सर्वांत वाईट जागा. झुडपांवर अडकलेला पालापाचोळा, चिंध्या, प्लास्टिक शोधा. मागच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. पावसाळ्यात तर डोक्यावर आभाळ कोरडं असतानाही वर कुठेतरी पडलेला पाऊस नाल्यातून येतो. नर्मदेकाठी ऋतूचाही भरवसा नाही, कारण धरणातून पाणी सुटलं की पातळी चढते. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या जत्रेत यात्रेकरू पात्रालगत असताना रात्री इंदिरा सागर धरणाचं पाणी आलं आणि साठहून अधिक माणसं दगावली. तेव्हा ऐन उन्हाळा होता.

पूर आला नाही तरी खोलगट जागा नकोच. निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडते, तिला लागून असलेली हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत तळाशी साचते. नाल्यापासून 10-15 मीटर चढून गेलं तरी थंडी आणि दव दोन्ही कमी होतात. ही हवा उताराच्या दिशेने वाहते, म्हणून चूल तंबूच्या खालच्या अंगाला, निदान 5 मीटर दूर ठेवावी. धूर आणि ठिणग्या तंबूकडे येत नाहीत. नायलॉनला एक ठिणगी भोक पाडायला पुरते.

माळव्याची काळी माती हा वेगळाच प्रकार आहे. वाळली की भेगाळते, भिजली की खुंटी लोण्यात घुसावी तशी जाते आणि तशीच निघून येते. ओल्या मातीत लांब, रुंद पात्याच्या खुंट्या घ्याव्यात. माथा तंबूपासून बाहेर झुकलेला, दोरी आणि खुंटीत साधारण काटकोन. पण पातालपाणी धबधब्याच्या बाजूला पठार संपतं तिथे वीतभर मातीखाली बेसॉल्ट लागतो आणि खुंट्या वाकतात. तिथे ठोकाठोकी सोडून द्यावी. दोरीचं टोक लहान दगडाला बांधायचं, दोरी जमिनीलगत ठेवून तिच्यावर मोठा दगड असा टाकायचा की लहान दगड त्याच्या पलीकडे, तंबूपासून दूर राहील. ताण आला की लहान दगड मोठ्याला जाऊन अडतो. वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी बांधावेत, नाहीतर एकटा माणूस पतंग सांभाळत बसतो. खुंट्या मोजून पिशवीत ठेवा, आणि प्रत्येक दोरीला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधा. रात्री उठणारा पहिला माणूस त्या दोरीतच अडखळतो.

भेगा आणि सैल दगड ही विंचवांची घरं. विंचवाच्या कवचातली काही द्रव्यं अतिनील प्रकाशात हिरवट-निळी चमकतात. अतिनील टॉर्च (साधारण 365 ते 395 नॅनोमीटरचा) जागेवरून एकदा फिरवला की पालापाचोळ्यात बसलेला विंचू दिव्यासारखा उठून दिसतो. या टॉर्चचा झोत मात्र डोळ्यांत कधी मारू नये. सापांवर हा उपाय चालत नाही. मण्यार रात्री हिंडते, तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही ठळक नसते, म्हणून जमिनीवर उघड्यावर झोपू नये. तंबूचा तळ शिवलेला असावा आणि चेन पूर्ण लावलेली. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास: असं दिसलं तर जखम चिरू नका, घट्ट आवळू नका, चालवू नका, 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. घाटात रेंज कुठे येते हे संध्याकाळीच पाहून ठेवलेलं असावं. अन्नाचा वास बिबट्याला आणि भटक्या कुत्र्यांना बोलावतो, उरलेलं अन्न बंद डब्यात गाडीत ठेवावं.

इंदूरकर सहलीत दाल-बाफले (डाळ आणि शेकलेले कणकेचे गोळे) ठरलेलेच, आणि बाफले शेकल्यावर गोवऱ्यांचे निखारे उरतात. रात्री गारठा वाढला की ते परातीत घालून तंबूत नेण्याचा मोह होतो. धूर नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखून झोप येते. झोपलेल्याला ते कळतही नाही. वरची खिडकी थोडी उघडी ठेवून भागत नाही. निखारे बाहेरच पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून विझवावेत. राखेवर हात धरला तर ऊब लागता कामा नये. थंडीसाठी अंगाखालचं अंथरूण जाड करावं, कारण रात्रभर बरीच उष्णता जमिनीकडे जाते, नुसती वरच्या रजईतून नव्हे. बूट तंबूच्या आत, उलटे ठेवावेत, आणि पहाटे पाय घालण्याआधी झटकावेत.