नवाहो भूमीवरील जंगलातून लाकूड नेण्याचा परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

नवाहो राष्ट्राची, म्हणजे नवाहो या आदिवासी समाजाच्या स्वशासित राष्ट्राची, भूमी अमेरिकेतील अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेली आहे. तिथे चुस्का पर्वतात आणि डिफायन्स पठारावर पाँडेरोसा पाइनची उंच जंगले आहेत, तर त्याहून खालच्या कोरड्या उतारांवर पिन्यॉन आणि ज्युनिपरचे विरळ वन आहे. 1990 च्या आदिवासी वनव्यवस्थापन कायद्याखालील संघीय नियम या दोन्हींना लागू होतात. झाडे खुजी आणि विरळ आहेत म्हणून ती जागा नियमांबाहेर राहते, असे कोणी समजू नये.

जमीन संघीय सरकारकडे विश्वस्त या नात्याने असली, तरी लाभधारक मालक नवाहो राष्ट्र आहे, आणि काही तुकड्यांवर वैयक्तिक वाटपधारक, म्हणजे ज्यांच्या नावे ती जमीन वाटून दिली आहे अशा व्यक्ती, आहेत. त्यामुळे अशा मालकाच्या लेखी संमतीखेरीज सहसा परवाना दिला जात नाही. आपल्याकडील वनहक्क कायद्यात ग्रामसभेला जे स्थान आहे, त्याची इथे आठवण होते. या जंगलांचे काम पाहणाऱ्या नवाहो वनविभागाचे कार्यालय फोर्ट डिफायन्स येथे आहे.

पात्रतेत सदस्यत्वाचा प्रश्न येतो. राष्ट्राच्या सदस्यत्वासाठी किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त असावे लागते, आणि रक्तप्रमाणाचा अधिकृत दाखला हा त्याचा पुरावा असतो. वाटपाच्या जमिनीतून लाकूड घ्यायचे असल्यास तेथील मालकांची संमतीही जोडावी लागते.

लाकूड कशासाठी हवे, हे अर्ज करण्यापूर्वीच निश्चित करावे, कारण सर्वाधिक चुका इथेच होण्याचा संभव असतो. मालकांनी संमती दिल्यास घरगुती वापरासाठी विनाशुल्क परवाना मिळू शकतो आणि काही ठरावीक वनोपज परवान्याशिवायही घेता येते. मात्र असे लाकूड विकता येत नाही, तसेच वस्तूच्या किंवा कामाच्या मोबदल्यातही देता येत नाही. शेजाऱ्याला पैसे घेऊन दिलेली एक गाडी सरपणही यात मोडते. विक्री करायची असल्यास सशुल्क परवाना किंवा करार लागतो. विनापरवाना तोड झाल्यास माल जप्त होऊ शकतो आणि त्याच्या किमतीच्या तिप्पट रक्कम भरावी लागू शकते.

2019 मध्ये कायेंटा कोळसा खाण बंद झाली. तिचा कोळसा अनेक नवाहो घरांत जळणासाठी वापरला जाई; त्यामुळे त्यानंतर अनेक घरांची हिवाळ्यातील ऊब सरपणावर अधिकच अवलंबून राहिली, आणि म्हणून या नियमांची नीट माहिती असणे निकडीचे झाले आहे. उत्तर अॅरिझोनातील राष्ट्रीय वनांच्या विरळणीतून, म्हणजे दाटी कमी करण्यासाठी तोडलेल्या झाडांतून, मिळणारे लाकूड ‘वुड फॉर लाइफ’ उपक्रमातून नवाहो आणि शेजारच्या होपी या आदिवासी समाजाच्या कुटुंबांपर्यंत पोहोचवले जाते. ती वने नवाहो भूमीबाहेरची असल्यामुळे त्या लाकडाला वरील परवाना लागत नाही.