जुन्या मेकॅनिकल क्रोनोग्राफ घड्याळाची पारख

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ. बहुतेकांना चावीच्या वर आणि खाली एकेक बटण असतं, वरच्याने सेकंदाचा मोठा काटा सुरू-बंद होतो, खालच्याने तो परत बाराच्या आकड्यावर येतो, आणि डायलवरच्या छोट्या डायली मिनिटं, तास मोजतात. 1821 मध्ये रियुसेक या फ्रेंच घड्याळजीने पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत असं यंत्र वापरलं, त्याच्याही आधी 1816 मध्ये लुई मोइनेने एक बनवलेलं होतं. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, क्रोनोग्राफ मात्र 1969 मध्ये आले, झेनिथचं एल प्रिमेरो, ह्यूअर-ब्राइटलिंगवाल्यांचं कॅलिबर 11 आणि सेकोचं 6139, तिन्ही त्याच वर्षी.

डायलच्या कडेचे आकडे नुसते शोभेचे नाहीत. टॅकिमीटर, म्हणजे वेग दाखवणारी पट्टी, असेल तर नाशिकहून आग्रा रोडला ओझरकडे जाताना एका किलोमीटरच्या दगडाला काटा सुरू करायचा, पुढच्या दगडाला थांबवायचा, 45 सेकंद लागले तर काटा 80 वर, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. टेलिमीटर अंतर सांगतो, तो आवाजावर चालतो. तोफेचा उजेड दिसला की सुरू, धडाम ऐकू आलं की बंद, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, त्यामुळे नाशिककराला हे वेगळं समजवायला लागत नाही. पावसाळ्यात विजेवर पण हेच करता येतं.

आता पारख. सगळ्यात आधी डायल बघायची, कारण किमतीतला मोठा वाटा तिचाच, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबडही तिथेच, रिडायल करून म्हणजे जुनी डायल घासून परत छापून चकाचक केलेली घड्याळं सर्रास विकली जातात. भिंग लावून बघा. छोट्या डायलींमध्ये ओरिजिनलला बारीक गोल गोल रेघा असतात, रिडायलमध्ये त्या रंगाने भरून गेलेल्या असतात, अक्षरं जाड झालेली असतात, मिनिटाच्या रेघा वरच्या खुणांशी जुळत नाहीत. थोडी पिवळी पडलेली, एखादा डाग असलेली खरी डायल कोऱ्या दिसणाऱ्या रिडायलपेक्षा कधीही चांगली, यात माझ्या मते वादच नाही. काट्यांवरचा रेडियम, म्हणजे अंधारात चमकणारा रंगही बघा. साठच्या दशकापासून बऱ्याच घड्याळांत त्यासाठी ट्रिटियम आलं, डायलच्या तळाला टी हे अक्षर असतं, आणि ट्रिटियमची ताकद 12 वर्षांत निम्मी होते, म्हणजे इतक्या जुन्या घड्याळाचे काटे आज रात्रभर झगझगत असतील तर नंतर कोणीतरी ते भरलेत हे नक्की.

केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या खोक्याच्या, कडा धारदार हव्यात. सारखं पॉलिश करून करून पट्ट्याजवळचे कान गोल होतात, आणि गेलेला धातू काही परत येत नाही.

मग बटणं. वरचं दाबलं की काटा लगेच सुटला पाहिजे. जुन्या आडव्या क्लचमध्ये, म्हणजे काट्याला यंत्राशी जोडणाऱ्या चाकांत, दात दाताला लागताना थोडी उडी असते, ती चालते. पूर्ण मिनिट चालू द्या आणि छोट्या डायलीतला मिनिटं मोजणारा काटा एक घर पुढे जातोय का बघा, मग थांबवा, खालचं दाबा, काटा बरोब्बर बारावर टपकन यायला हवा, थोडा आधी किंवा नंतर थांबला तर आत काम निघणार. क्रोनोग्राफ चालू केल्यावर घड्याळ बंदच पडत असेल तर सर्विसिंग आलंच. सुरू-बंद सांभाळायला आत कॉलम व्हील (खांबांचं चाक) आहे का कॅम (कडा कापलेली चकती), हेही विचारावं. आतल्या यंत्रांपैकी व्हाल्जू 72 ला कॉलम व्हील आहे, लँडेरॉन 48 ला कॅम, कॉलम व्हीलवाल्याचं बटण साधारणपणे जास्त मऊ लागतं आणि भावही वर जातो.

सेको 6139 आपल्याकडे बरंच दिसतं आणि सुरुवात करायला मस्त आहे. त्याला चावी फिरवून भरता येत नाही, हलवूनच चालू होतं, आणि छोटा सेकंद काटा मुळातच नाही, त्यामुळे ते बघून खराब समजू नये. मागच्या नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, दुसरा महिना.

नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा भागात घड्याळजीकडे गेलात तर झाकण समोर उघडून घ्या, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या दिसल्या तर कोणीतरी जोर लावलाय. आणि काटा चालू असताना खालचं बटण दाबायचं नाही, आधी वरच्याने थांबवायचं, फ्लायबॅक (चालू काटाच खालच्या बटणाने परत बारावरून सुरू होतो तो) प्रकार आणि खालच्या बटणानेच थांबणारं लँडेरॉन 48 सोडलं तर.