ओवीतून आलेले वचन

वधस्तंभावर येशूच्या तोंडून निघालेले "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे शब्द म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या २२व्या स्तोत्राचा आरंभ. "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" हे लूकने आपल्या शुभवर्तमानात नोंदवलेले वाक्य ३१व्या स्तोत्रातले. आदल्या रात्री वल्हांडण या यहुदी सणाचे जेवण आटोपल्यावर शिष्यांसह स्तोत्र गाऊनच तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला होता. जे लहानपणापासून कानावर पडले, सणासुदीला गायले, तेच प्राण कंठाशी आल्यावर ओठांवर आले. ख्रिस्ती उपासनेत शास्त्रवचन गाण्याची रीत कुठून आली, असे कुणी विचारले तर मी आधी याच प्रसंगाकडे बोट दाखवीन.

प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना 'ख्रिस्ताचे वचन तुमच्यात भरपूर राहो' असे म्हटले आणि त्याच वाक्यात स्तोत्रे, गीते गायला सांगितले. पुढे युरोपात गायन लॅटिन भाषेत आणि गायकवृंदाच्या हाती गेले, सामान्य माणूस ऐकणारा झाला. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ते जर्मन भाषेत लोकांच्या तोंडी परत आणले. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या जिनिव्हात १५६२ पर्यंत सर्व १५० स्तोत्रे फ्रेंच छंदात बांधून झाली.

मराठीत मात्र वेगळेच घडले. इथे छापील बायबल यायच्या सुमारे दोनशे वर्षे आधी बायबलची कथा ओवीत आली. विल्टशरमध्ये जन्मलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स, जेजुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि तिथल्या साष्टी भागात लोकांमध्ये राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतल्याच राचोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या, दोन भाग: पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही त्यातली ओवी मराठी भाषेच्या गौरवासाठी आपण सगळेच म्हणतो. पण ग्रंथ कशासाठी लिहिला गेला, ते क्वचितच सांगितले जाते. आरंभीच्या भागात एक नवख्रिस्ती पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात दुःख आहे. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती, जुने ग्रंथ वाचायला मनाई होती. फावल्या वेळी एकत्र बसून ऐकायचे, म्हणायचे, ते सगळे एका पिढीत हिरावले गेले होते. स्टीफन्स यांनी ती पोकळी ओळखली आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ करून घेण्यावर न थांबता पुराण रचले. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमधून ते म्हटले जाऊ लागले.

१६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये गोव्याच्या सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरीही पुराण टिकले, कारण गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. जे गाता येते ते माणूस घर सोडतानाही बरोबर नेतो, असे मला या इतिहासात फार जाणवते.

दुसरा प्रवाह अहमदनगरचा. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला स्थिरावले. ते स्तोत्रे छंदात गाणाऱ्या परंपरेतले होते. साहजिकच त्यांनी आपल्या चाली आणल्या आणि मराठी शब्द त्यांत बसवले. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत अवघडत. खेड्यापाड्यांतल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या महार-मांग कुटुंबांना ते आपले वाटणे कठीण होते. नगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींत पदे रचली आणि टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले.

मग आले नारायण वामन टिळक. आगगाडीत एका अनोळखी युरोपियन माणसाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी थबकले आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त 'माउली' होतो. कुणाला हे विठ्ठलाकडून उसने घेतलेले वाटेल. पण 'कोंबडी आपली पिल्ले पंखांखाली एकवटते' तशी तुमची मुले एकवटण्याची माझी इच्छा होती, हे यरुशलेमेला उद्देशून येशूच म्हणतो, आणि आई मुलाचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, हे देवाचे वचन जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकात आहे. ही वचने बायबलमध्ये होतीच. अभंगाने ती पुढे आणून मराठी माणसाच्या तोंडी घातली. देवाला 'तू' म्हणायचे, रुसायचे, पायाशी पडायचे, हे सारे छंदाबरोबर आले. 'उपासना संगीत' या पुस्तकातून टिळकांची गीते आजही रविवारी गायली जातात, आणि ती गाणाऱ्याची प्रार्थना नकळत त्याच वळणावर जाते.

कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, म्हणजे मिस्सेत, हा बदल उशिरा आला. १९६३ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट दिली आणि वसईसारख्या भागात मिस्सा मराठीत होऊ लागली. पहिल्या वाचनानंतर स्तोत्रातली एक ओळ सगळ्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायची, ही त्यातली साधी रीत मला मोलाची वाटते. वर्षभरात कितीतरी ओळी अशा मनात मुरतात.

प्रश्न निवडीचाही आहे. आज कीबोर्ड आणि गिटारवर गायल्या जाणाऱ्या छोट्या गीतांत स्तुतीच्या ओळी भरपूर असतात. पण १५० स्तोत्रांतला मोठा भाग विलापाचा आहे: 'किती वेळ, परमेश्वरा?' असा टाहो फोडणारा. ८८वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. ज्या मंडळीने असे काही कधी गायलेच नाही, तिच्यातल्या कुणाच्या घरी तरणा मुलगा गेला, तर त्या आईच्या ओठांवर येणार काय? येशूला त्या घटकेला २२वे स्तोत्र पाठ होते.